मेंदूची आघातजन्य इजा

डोक्यावर बसलेल्या बाह्य आघातामुळे मेंदूच्या रचनेत किंवा कार्यात बिघाड होणे, यास मेंदूची आघातजन्य इजा असे म्हणतात. वाहनांचे अपघात, उंचावरून पडणे, मारहाण, खेळातील दुखापत आणि स्फोट ही तिची प्रमुख कारणे होत. डोक्याची इजा आणि मेंदूची इजा या संज्ञा व्यवहारात एकाच अर्थाने वापरल्या जात असल्या, तरी त्यांत भेद आहे. टाळूवरील त्वचा फाटून पुष्कळ रक्त वाहिले तरी मेंदू सुरक्षित असू शकतो. उलट, बाहेरून साधा ओरखडाही न दिसता कवटीच्या आत प्राणघातक रक्तस्राव होत असू शकतो.

या इजेचे मुख्य वैशिष्ट्य असे की, ती आघाताच्या क्षणीच पूर्ण होते असे नाही. आघातानंतर काही तास, तर कधी काही दिवस वा आठवडे तिची वाढ होत राहते. त्यामुळे रुग्णाचे मूल्यमापन ही एकदाच करून संपणारी तपासणी नसून ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा करावयाची नोंद असते. रुग्णाच्या एका वेळच्या स्थितीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्या स्थितीत होत जाणारा बदल महत्त्वाचा मानला जातो.

कवटी व मेंदू यांची रचना

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारणपणे १,३०० ते १,४०० ग्रॅम असते. शरीराच्या वजनाच्या मानाने हे प्रमाण सुमारे २ टक्के असले, तरी विश्रांत अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू वापरतो. मेंदूत ऑक्सिजनचा व ग्लुकोजचा उपयुक्त साठा जवळजवळ नसल्याने रक्तपुरवठा काही मिनिटे जरी थांबला, तरी चेतापेशी मरू लागतात.

मेंदू मऊ असून त्याभोवती तीन आवरणे असतात. सर्वांत बाहेरचे आवरण जाड व चिवट असून त्यास दृढावरण म्हणतात. आतील दोन आवरणांच्या मधल्या जागेत प्रमस्तिष्क-मेरुद्रव असतो. प्रौढ व्यक्तीत मेंदू व मेरुरज्जू यांभोवती मिळून सुमारे १५० मिलिलीटर द्रव असतो. या द्रवात मेंदू जणू तरंगत असतो आणि लहानसहान धक्क्यांपासून त्याचे रक्षण होते.

प्रौढ माणसाची कवटी ही न ताणणारी पेटी आहे. तिच्यात सुमारे ८० टक्के जागा मेंदूने, तर उरलेली जागा जवळजवळ सम प्रमाणात रक्ताने व द्रवाने व्यापलेली असते. या तिघांपैकी एकाचे आकारमान वाढले, तर दुसऱ्या कोणाचे तरी कमी व्हावे लागते. हे तत्त्व स्कॉटलंडमधील अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये व जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडले. ते मन्रो-केली सिद्धांत या नावाने ओळखले जाते. कवटीत रक्त साचू लागले की आरंभी द्रव व शिरांमधील रक्त बाहेर ढकलले जाऊन जागा मिळते. या काळात रुग्ण बराचसा ठीक दिसतो. ही सोय संपली की रक्ताच्या थोड्याशा वाढीनेही कवटीतील दाब झपाट्याने चढतो. दिसायला बरा असलेला रुग्ण अल्पावधीत कोसळतो, त्याचे कारण यात आहे.

इजा होण्याची प्रक्रिया

प्राथमिक इजा: आघाताच्या क्षणी जी हानी होते तिला प्राथमिक इजा म्हणतात. वेगात असलेले डोके एखाद्या कठीण वस्तूवर आदळून थांबते. पण आतील मेंदू गतीच्या जडत्वामुळे पुढे जात राहतो व कवटीच्या आतील भिंतीवर आपटतो. आघाताच्या जागी इजा होते, तशीच ती बरोबर विरुद्ध बाजूसही होऊ शकते. डोक्याच्या मागच्या बाजूवर पडलेल्या माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग ठेचला जाणे, हे याचे नेहमी आढळणारे उदाहरण आहे. कवटीचा तळ ललाटखंड व शंखखंड यांच्या खाली खडबडीत असल्याने या दोन खंडांना अधिक मार बसतो. डोके वेगाने फिरले किंवा गरकन वळले, तर मेंदूच्या निरनिराळ्या थरांची गती कमीअधिक होऊन अक्षतंतू ताणले जातात व तुटतात.

प्राथमिक इजा झाल्यावर ती परतवता येत नाही. तिच्यावर उपाय एकच, तो म्हणजे अपघात टाळणे.

दुय्यम इजा: आघातानंतरच्या काळात होणाऱ्या हानीस दुय्यम इजा म्हणतात. रक्तस्राव, मेंदूला येणारी सूज, कवटीतील वाढता दाब, ऑक्सिजनची कमतरता, रक्तदाब घसरणे, आकडी, ताप व जंतुसंसर्ग ही तिची कारणे होत. इजा झालेल्या पेशींत कॅल्शियमचे आयन शिरणे व ग्लुटामेटसारखी रसायने अतिरिक्त प्रमाणात स्रवणे, यांमुळे शेजारच्या निरोगी पेशीही मरू लागतात.

मेंदूला रक्त पोहोचविणारा प्रत्यक्ष दाब हा सरासरी रक्तदाबातून कवटीतील दाब वजा करून काढतात. प्रौढ माणसाच्या कवटीतील दाब आडव्या स्थितीत साधारणपणे पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटर इतका असतो. हा दाब वाढला किंवा शरीराचा रक्तदाब उतरला, तर दोन्ही बाबतींत परिणाम एकच होतो, तो म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. गंभीर रुग्णात वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेल्यास मृत्यूचा धोका लक्षणीय वाढतो. दुय्यम इजा टाळता येण्याजोगी असल्याने सर्व उपचारांचा रोख तिच्यावर असतो.

इजेचे प्रमुख प्रकार

मेंदूचा हादरा: यास कन्कशन असेही म्हणतात. यात मेंदूचे कार्य काही काळ बिघडते. मात्र सीटी स्कॅनमध्ये दोष दिसत नाही. गोंधळणे, डोके दुखणे, भोवळ, मळमळ, उजेड सहन न होणे आणि घटनेची आठवण न राहणे ही याची लक्षणे होत. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. बहुतेक रुग्णांची शुद्ध हरपतही नाही.

कवटीचा अस्थिभंग: अस्थीला केवळ तडा जातो किंवा तिचा तुकडा आत दबतो. कवटीच्या तळाचा अस्थिभंग साध्या क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाही. परंतु दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळे पडणे, कानामागे काळानिळा डाग उमटणे, नाकातून वा कानातून पाण्यासारखा पातळ द्रव गळणे, या खुणांवरून तो ओळखता येतो.

मेंदूस मुका मार: मेंदूचा भाग ठेचला जाऊन त्यात रक्त उतरते. पुढील एक-दोन दिवसांत त्याभोवती सूज व रक्तस्राव वाढू शकतो.

दृढावरणाबाहेरील रक्तस्राव: यास वैद्यकीय व्यवहारात एपिड्युरल हिमॅटोमा म्हणतात. कानशिलाजवळ कवटी पातळ असते व तिच्या आतील बाजूने एक रोहिणी जाते. तेथील अस्थी फुटून ही रोहिणी फाटली, की दाबाखालील रक्त कवटी व दृढावरण यांच्यामध्ये साचते. सीटी स्कॅनमध्ये ते दोन्ही बाजूंनी फुगीर भिंगासारखे दिसते. यातील काही रुग्ण आघातानंतर क्षणभर बेशुद्ध होतात, मग शुद्धीवर येऊन व्यवस्थित बोलतात आणि काही तासांनी पुन्हा बेशुद्ध पडतात. मधल्या शुद्धीच्या काळास स्वस्थ अंतराळ असे म्हणता येईल. या काळात शस्त्रक्रिया झाल्यास रुग्ण पूर्ण बरा होण्याची शक्यता मोठी असते. काळ हातचा गेल्यास मृत्यू ओढवतो.

दृढावरणाखालील रक्तस्राव: यास सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून दृढावरणाकडे जाणाऱ्या शिरा तुटून हा होतो. सीटी स्कॅनमध्ये त्याचा आकार चंद्रकोरीसारखा दिसतो. तीव्र प्रकारात बहुधा मेंदूलाही मोठी इजा झालेली असते. वृद्धांमध्ये किरकोळ धक्क्यानंतरही रक्त संथपणे साचत जाऊन दोन-तीन आठवड्यांनी लक्षणे दिसू लागतात.

अक्षतंतूंची विखुरलेली इजा: मेंदूतील अक्षतंतू ठिकठिकाणी तुटतात. रुग्ण आघातापासूनच गाढ बेशुद्ध असतो. तरीही सीटी स्कॅन जवळजवळ निर्दोष दिसू शकतो. एमआरआय तपासणीत ही इजा अधिक चांगली दिसते.

मेंदूच्या भागांनुसार परिणाम

कोणत्या भागास इजा झाली यावर लक्षणे अवलंबून असतात. ललाटखंडाच्या इजेने निर्णयशक्ती, संयम व सामाजिक वर्तन बिघडते. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गाच्या कामावरील मुकादम फिनियस गेज याच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार डोक्याच्या वरच्या बाजूने बाहेर पडली. तो वाचला व १८६० पर्यंत जगला. परंतु त्याच्या स्वभावात झालेला बदल डॉ. जॉन हार्लो यांनी नोंदवून ठेवला. मेंदूचा विशिष्ट भाग आणि वर्तन यांच्या संबंधाचे हे प्रसिद्ध उदाहरण आहे.

शंखखंडाच्या इजेने स्मरणशक्ती व, बहुतेकांत डाव्या बाजूस असलेले, भाषेचे आकलन बाधित होते. पश्चखंडाच्या इजेने दृष्टी, तर अनुमस्तिष्काच्या इजेने तोल व हालचालींतील सुसूत्रता बिघडते. मस्तिष्कस्तंभात श्वसन, हृदयाची गती व जागृती यांची केंद्रे असल्याने त्याची इजा सर्वांत घातक ठरते. नाकाकडून मेंदूकडे जाणारे बारीक चेतातंतू तुटल्यास वास येणे कायमचे बंद होऊ शकते.

रुग्णाचे मूल्यमापन

प्राचीन नोंदी

डोक्याच्या इजेची पद्धतशीर तपासणी ही आधुनिक काळाचीच देणगी नाही. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मधील मानल्या जाणाऱ्या इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस या हस्तलिखितात ४८ रुग्णांची वर्णने असून त्यांपैकी २७ डोक्याच्या इजेची आहेत. जखम चाचपून पाहणे, लक्षणे नोंदवणे आणि उपचार करण्याजोगी, झुंज देण्याजोगी व उपचार न करण्याजोगी अशी इजेची प्रतवारी करणे, हा क्रम त्यात आढळतो.

पहिली तपासणी

रुग्ण रुग्णालयात येताच प्रथम श्वसनमार्ग, श्वास व रक्ताभिसरण यांची पाहणी केली जाते. मेंदूची तपासणी त्यानंतर येते. कारण ऑक्सिजन व रक्तदाब सांभाळल्याखेरीज मेंदू वाचत नाही. डोक्याला मोठा मार बसलेल्या रुग्णाच्या मानेच्या मणक्यांनाही इजा झालेली असू शकते, म्हणून शंका दूर होईपर्यंत मान स्थिर ठेवतात. रक्तातील साखर तपासली जाते, कारण ती उतरल्यानेही बेशुद्धी येते. अपघात कसा झाला, शुद्ध किती वेळ हरपली, उलटी वा आकडी झाली काय, रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेतो काय, ही माहिती नातेवाइकांकडून किंवा प्रत्यक्षदर्शींकडून घेतात.

ग्लासगो कोमा श्रेणी

‘ग्लानीत आहे’, ‘अर्धवट शुद्धीत आहे’ यांसारख्या शब्दांचा अर्थ प्रत्येक डॉक्टर आपापल्या परीने लावत असे. त्यामुळे सकाळपेक्षा सायंकाळी रुग्ण सुधारला की खालावला, हे निश्चित सांगता येत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाचे ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात एक श्रेणी प्रसिद्ध केली. परिचारिका, शिकाऊ डॉक्टर किंवा तज्ज्ञ यांपैकी कोणीही ती वापरली, तरी नोंद सारखीच यावी असा तिचा हेतू होता. तिच्यात तीन प्रतिसाद तपासले जातात.

डोळे उघडणे:
४ – आपोआप उघडतो
३ – आवाज दिल्यावर उघडतो
२ – शरीरावर दाब दिल्यावर उघडतो
१ – उघडत नाही

बोलणे:
५ – स्वतःचे नाव, ठिकाण व चालू महिना अचूक सांगतो
४ – वाक्ये बोलतो, पण गोंधळलेला असतो
३ – सुटे शब्द उच्चारतो
२ – केवळ कण्हतो
१ – आवाज काढत नाही

हालचाल:
६ – सांगितल्याप्रमाणे कृती करतो
५ – मान वा कपाळ येथे दाब दिल्यास तेथे हात नेतो
४ – कोपर वाकवून हात झटकन मागे घेतो
३ – हात असाधारण रीतीने छातीकडे आखडतो
२ – कोपर ताठ करून हात पसरतो
१ – हालचाल करत नाही

एकूण गुण कमीत कमी ३ व जास्तीत जास्त १५ असतात. १३ ते १५ गुण असल्यास इजा सौम्य, ९ ते १२ असल्यास मध्यम आणि ३ ते ८ असल्यास गंभीर समजतात. ८ किंवा त्याहून कमी गुण असलेला रुग्ण स्वतःचा श्वसनमार्ग मोकळा राखू शकत नाही असे धरून बहुधा श्वासनलिकेत नळी घातली जाते.

केवळ बेरजेवर विसंबणे योग्य नसते. सारख्याच बेरजेच्या दोन रुग्णांची स्थिती भिन्न असू शकते. म्हणून तिन्ही गुण वेगवेगळे लिहितात. रुग्णालयातील नोंदीत त्यांसाठी ई, व्ही व एम ही अक्षरे वापरण्याची रूढी आहे. समजा, दाखल होताना एखादा रुग्ण आवाज दिल्यावर डोळे उघडतो, गोंधळून बोलतो व सूचना पाळतो. त्याचे गुण ३, ४ व ६ असे एकूण १३ होतात. तासाभराने तोच रुग्ण दाब दिल्यावर डोळे उघडू लागला, केवळ कण्हू लागला आणि दाबाच्या जागी हात नेऊ लागला, तर गुण २, २ व ५ असे ९ होतात. ही चार गुणांची घसरण कवटीत काहीतरी वाढत असल्याचा इशारा असते. एकदाच मोजलेल्या ९ गुणांवरून हा इशारा मिळाला नसता.

या श्रेणीला मर्यादाही आहेत. श्वासनलिकेत नळी असलेला रुग्ण बोलू शकत नाही. डोळे सुजलेला रुग्ण ते उघडू शकत नाही. अशा वेळी १ गुण न देता तो घटक तपासता आला नाही अशी नोंद करावी लागते. बहिरेपणा, झोपेची औषधे आणि तपासणाऱ्याची भाषा रुग्णास न समजणे, यांमुळेही गुण फसवे येतात. मद्याचा वास आला म्हणून ग्लानीचे कारण मद्यच आहे असे गृहीत धरणे, ही विशेष धोकादायक चूक मानली जाते. कारण मद्यप्राशन केलेल्या माणसाच्या डोक्यालाही मार बसलेला असू शकतो. मस्तिष्कस्तंभाचे कार्य व श्वसन यांचाही विचार करणारी ‘फोर’ ही श्रेणी अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथे तयार करण्यात आली व २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. नळी घातलेल्या रुग्णांत ती उपयोगी पडते.

बाहुल्या व इतर खुणा

डोळ्यांवर प्रकाश टाकून बाहुल्यांचा आकार व त्यांचे आकुंचन पाहतात. कवटीत एका बाजूस दाब वाढला, की शंखखंडाचा आतील भाग खाली सरकून बाहुली नियंत्रित करणाऱ्या तिसऱ्या मस्तिष्क चेतेवर दाबला जातो. परिणामी बहुधा त्याच बाजूची बाहुली विस्फारते व प्रकाशाने आकुंचन पावत नाही. विरुद्ध बाजूचे हातपाय दुबळे होतात. ही तातडीच्या शस्त्रक्रियेची निकड दर्शविणारी खूण आहे. ग्लासगो गुणांतून प्रतिसाद न देणाऱ्या प्रत्येक बाहुलीमागे एक गुण वजा करण्याची सुधारित पद्धत २०१८ मध्ये सुचविण्यात आली.

रक्तदाब वाढणे, नाडी मंदावणे व श्वसन अनियमित होणे हे त्रिकूट अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांच्या नावाने ओळखले जाते. ते कवटीतील दाब अतिशय वाढल्याचे व बहुधा उशीर झाल्याचे लक्षण असते.

प्रतिमांकन

सीटी स्कॅनचे तंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी विकसित केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्रण झाले. या कार्यासाठी हाउन्सफील्ड व अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. ताजे रक्त सीटी स्कॅनमध्ये पांढरे दिसते आणि तपासणी काही मिनिटांत होते. त्यामुळे आणीबाणीच्या वेळी हीच तपासणी प्रथम केली जाते.

सौम्य इजेच्या प्रत्येक रुग्णाचे स्कॅन करणे आवश्यक नसते. कोणाचे करावे हे ठरविण्यासाठी २००१ मध्ये कॅनडात नियमावली तयार झाली. आघातानंतर दोन तासांनीही गुण १५ न होणे, अस्थिभंगाची शंका, दोन किंवा अधिक वेळा उलटी होणे आणि वय ६५ किंवा त्याहून अधिक असणे, हे तिच्यातील प्रमुख निकष आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांसाठी ही नियमावली लागू नाही. त्यांच्या बाबतीत स्कॅनचा निर्णय अधिक तत्परतेने घेतला जातो.

पहिला स्कॅन निर्दोष असला, तरी लक्षणे वाढल्यास तो पुन्हा करावा लागतो.

मुले व वृद्ध

लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे व मानेचे स्नायू अशक्त असतात. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसल्याने तिचा फुगीरपणा ही कवटीतील वाढत्या दाबाची खूण ठरते. बोलू न शकणाऱ्या बाळासाठी ग्लासगो श्रेणीचे निराळे रूप वापरतात. किरणोत्सर्गाचा धोका मुलांत अधिक असल्याने स्कॅनचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. अमेरिकेत ४२,००० हून अधिक मुलांच्या अभ्यासावरून २००९ मध्ये यासंबंधीचे निकष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांखालील बाळ नेहमीसारखे वागत नाही हे पालकांचे निरीक्षण त्यांतील एक निकष आहे.

वृद्धांमध्ये मेंदू थोडा आक्रसलेला असतो व शिरा ताणलेल्या असतात. कवटीत मोकळी जागा अधिक असल्याने रक्त साचूनही लक्षणे उशिरा दिसतात. काही आठवड्यांनी आलेला विसराळूपणा, चालताना जाणारा तोल किंवा एका हाताचा दुबळेपणा हा वयाचा परिणाम समजून दुर्लक्षिला जातो. वास्तविक साचलेले रक्त लहान शस्त्रक्रियेने काढता येते व पुष्कळ रुग्ण पूर्ववत होतात.

क्रिकेटमधील काही घटना

मार्च १९६२ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला. कवटीचा अस्थिभंग होऊन त्यांच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिले. काँट्रॅक्टर वाचले व पुढे प्रथम श्रेणीचे क्रिकेटही खेळले. मात्र कसोटी सामना पुन्हा खेळू शकले नाहीत.

२० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाका येथील एका क्लब सामन्यात भारतीय खेळाडू रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता क्षेत्ररक्षण करत होते. फटकावलेला चेंडू त्यांच्या डोक्याला लागला. ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले. पण थोड्याच वेळात त्यांची प्रकृती खालावली. शस्त्रक्रिया होऊनही २३ फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले.

ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्स येथील कसोटीत जोफ्रा आर्चर यांचा चेंडू ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह स्मिथ यांच्या मानेवर आदळला. प्राथमिक तपासणीनंतर ते त्याच दिवशी पुन्हा फलंदाजीस आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांच्यात हादऱ्याची लक्षणे दिसून आली व त्यांच्या जागी मार्नस लाबुशेन यांना खेळविण्यात आले. हादरा बसलेल्या खेळाडूच्या बदली खेळाडूची तरतूद आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्याच महिन्यापासून लागू केली होती.

या घटनांतील इजा वेगवेगळ्या स्वरूपाच्या असल्या, तरी शेवटच्या दोन घटनांत पहिल्या काही मिनिटांतील स्थितीवरून पुढील स्थितीचा अंदाज आला नव्हता. हादऱ्याची शंका असल्यास खेळाडूने त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये, असे आजची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा आघात झाल्यास क्वचित प्रसंगी मेंदूला झपाट्याने सूज येते. डोक्यावर वारंवार आघात होणाऱ्या मुष्टियोद्ध्यांमधील दीर्घकालीन विकाराचे वर्णन अमेरिकेतील हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच केले होते.

उपचार

सौम्य इजेत विश्रांती, निरीक्षण व टप्प्याटप्प्याने दैनंदिन व्यवहार सुरू करणे पुरेसे असते. मध्यम व गंभीर इजेत ऑक्सिजन व रक्तदाब योग्य राखणे, डोक्याकडची बाजू सुमारे ३० अंश उंच ठेवणे, आकडी रोखणे व ताप उतरवणे यांवर भर असतो. कवटीतील दाब कमी करण्यासाठी मॅनिटॉल किंवा तीव्र क्षारद्रव शिरेतून देतात. साचलेले रक्त शस्त्रक्रियेने काढतात. सूज आटोक्यात येत नसल्यास कवटीचा काही भाग तात्पुरता काढून मेंदूस जागा करून देतात.

सूज उतरविण्यासाठी स्टेरॉइड औषधे देण्याची प्रथा अनेक वर्षे प्रचलित होती. १०,००० हून अधिक रुग्णांवरील क्रॅश या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. या औषधांनी मृत्यूचे प्रमाण घटण्याऐवजी वाढते असे त्यांतून दिसून आल्यावर ही प्रथा मागे पडली.

परिणाम व पुनर्वसन

रुग्णाची अंतिम स्थिती वर्णन करण्यासाठी ब्रायन जेनेट व मायकेल बाँड यांनी १९७५ मध्ये ग्लासगो परिणाम श्रेणी मांडली. मृत्यू, जागृत असूनही भान नसलेली अवस्था, तीव्र अपंगत्व, मध्यम अपंगत्व व चांगली सुधारणा, अशा पाच पायऱ्या तिच्यात आहेत. रुग्णाचे वय, सुरुवातीचे हालचालींचे गुण व बाहुल्यांचा प्रतिसाद यांवरून परिणामाचा काहीसा अंदाज करता येतो. आघातानंतर नव्या गोष्टी लक्षात राहू लागण्यास जितका अधिक काळ लागतो, तितकी इजा अधिक गंभीर समजतात.

हातापायांचे बळ परत आले तरी एकाग्रता, स्मरण, चिडचिड, थकवा व निद्रा यांच्या तक्रारी बराच काळ टिकू शकतात. बाहेरून दिसत नसल्याने या तक्रारींना आळस किंवा हट्टीपणा समजले जाते. भौतिकोपचार, वाचोपचार, व्यवसायोपचार आणि समुपदेशन यांबरोबरच कुटुंबीयांना या बदलांची पूर्वकल्पना देणे हाही पुनर्वसनाचा भाग आहे.

प्रथमोपचार व धोक्याची लक्षणे

अपघातग्रस्ताची मान वाकवू वा वळवू नये. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. मात्र अस्थी दबलेली असल्यास त्या जागेवर दाब देऊ नये. नाकातून वा कानातून द्रव येत असल्यास तेथे बोळा कोंबू नये. श्वसनास अडथळा नसल्यास हेल्मेट काढण्याचे काम प्रशिक्षित व्यक्तीवर सोपवावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते.

रुग्णास घरी सोडले असल्यास किमान पहिले २४ तास त्याच्याजवळ जबाबदार व्यक्ती असणे आवश्यक असते. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, जागे करूनही जाग न येणे, असंबद्ध बोलणे, आकडी, हातपाय दुबळे होणे, बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकातून वा कानातून द्रव गळणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. मार बसलेल्याने झोपूच नये हा समज खरा नाही. त्याला झोपू द्यावे, परंतु डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने उठवून तो ओळखतो व नीट बोलतो काय, हे पाहावे.

प्रतिबंध

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. २००८ मधील कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वारांच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी, तर डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. हेल्मेट आघाताची ऊर्जा शोषून घेते व डोके थांबण्यास काही क्षणांश अधिक मिळवून देते. ते आयएस ४१५१ या भारतीय मानकाचे असावे व त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधलेला असावा. न बांधलेले हेल्मेट धडकेपूर्वीच डोक्यावरून निघून जाते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १२९ अन्वये दुचाकीचा चालक व मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील मुलांचाही त्यात स्पष्ट समावेश झाला. याच दुरुस्तीने घातलेले कलम १३४अ सद्भावनेने अपघातग्रस्तास मदत करणाऱ्या व्यक्तीस कायदेशीर संरक्षण देते. आघातानंतरची दुय्यम इजा काळाबरोबर वाढत असल्याने, जखमीस रुग्णालयात पोहोचविण्यात वाचलेला वेळ हा त्याच्या मेंदूच्या रक्षणाचा पहिला टप्पा ठरतो.